महाराष्ट्रातील स्वस्त घरे आणि सरकारी तिजोरी

गरिबांसाठी सरकारी पैशातून घरे बांधण्याची सुरुवात मुंबईत प्लेगमुळे झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान झाले. ते करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावी गेले, गिरण्यांना कामगार मिळेनात आणि बंदराचा व्यापार मंदावला. कोंदट, हवा-उजेड नसलेल्या घरांची दखल सरकारने या वेळी घेतली, कारण आता त्यांची झळ व्यापारालाही बसली होती. १८९८ च्या कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराने गलिच्छ वस्त्या हटवण्यासाठी असेच मंडळ नेमले होते, तो नमुना इथे उचलला गेला.

ट्रस्टच्या पैशाची रचना पुढच्या सव्वाशे वर्षांचा पाया ठरली. सरकार आणि नगरपालिका यांच्या मालकीच्या मोकळ्या जमिनी ट्रस्टकडे आल्या. पालिकेच्या उत्पन्नातून दरवर्षी ठरावीक हिस्सा त्याला मिळे आणि उरलेली रक्कम ट्रस्ट कर्जरोखे काढून उभी करी. दाट वस्ती पाडायची, रुंद रस्ता काढायचा, रस्त्यालगतचे भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे आणि त्या उत्पन्नातून कर्ज फेडायचे, असा हिशेब होता. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट असेच निघाले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही याच ट्रस्टच्या. मात्र वस्त्या पाडण्याचा वेग खोल्या बांधण्याच्या वेगापेक्षा जास्त होता. घर गेलेले लोक शेजारच्या गल्लीतल्या खोलीत आणखी दाटीने राहू लागले. ट्रस्टविरुद्ध त्या काळी झालेली सर्वांत मोठी तक्रार हीच होती आणि ती खरी होती.

तरीही आग्रीपाडा, नागपाडा, परळ, माझगाव या भागांत ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. ट्रस्टच्या नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना बीआयटी चाळी म्हणू लागले. परळच्या बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड साधारण १९१२ ते १९३४ या काळात तिथे होते. अमेरिका-इंग्लंडमधील शिक्षणाचा काळ सोडला तर ‘मूकनायक’ निघाले तेव्हा, महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा आणि गोलमेज परिषदांच्या वेळीही त्यांचा पत्ता हाच होता. कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीचा जिना चढून आले होते. स्वस्त भाड्याची सरकारी खोली काय देऊ शकते याचा याहून मोठा दाखला शोधायला नको. १९३३ मध्ये ट्रस्ट मुंबई महापालिकेत विलीन झाला आणि या चाळी पालिकेच्या झाल्या.

ट्रस्टच्या कामाचा आवाका अपुरा आहे हे पहिल्या महायुद्धानंतर उघड झाले. युद्धकाळात भाडी इतकी वाढली की १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. त्याच सुमारास गव्हर्नर म्हणून आलेले जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे स्वतंत्र सरकारी खाते काढले. समुद्र हटवून जमीन करणे हे या खात्याचे एक काम होते आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधणे हे दुसरे. एवढी मोठी घरबांधणी भारतातल्या कोणत्याही सरकारने तोवर हाती घेतली नव्हती. या कामासाठी सरकारने कर्ज उभारले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. गिरण्यांचा कच्चा माल कापूस आणि खोल्यांत राहणार गिरणी कामगार, त्यामुळे उद्योगाने आपल्या कामगारांच्या घरांचा भार काही अंशी उचलावा हा या करामागचा विचार होता. सरळ, समजण्याजोगा आणि न्याय्य असा हा कर होता. पुढच्या काळात असा सरळ विचार क्वचितच दिसतो.

खात्याच्या आद्याक्षरांवरून या बीडीडी चाळी झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी. मधून लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. संडास सामायिक, मजल्यावरच्या सगळ्यांसाठी. वीट-चुन्याऐवजी सिमेंट काँक्रीटचा वापर झाला. तो तेव्हा नवा होता आणि घाईच्या कामाला सोयीचा होता. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे तेव्हाच्या डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीला १२ अशा एकूण २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोल्यांची संख्या साडेसोळा हजारांच्या घरात गेली. योजलेल्या संख्येच्या हा जेमतेम तिसरा हिस्सा होता.

काम तिथेच थांबण्याची कारणे पैशातच होती. युद्धानंतर बांधकामाचा खर्च चढा होता. त्या खर्चावरचे व्याज निघेल असे भाडे लावले तर ते कामगाराच्या आवाक्याबाहेर जाई आणि कामगाराला झेपेल असे भाडे लावले तर सरकारला दरवर्षी तोटा येई. सरकारने भाडी खाली आणली, तरी खोल्या भरेनात. वरळी तेव्हा गावाबाहेर होती. पाणी, बाजार, दिवाबत्ती यांची सोय अपुरी होती आणि पाळीला वेळेवर पोहोचायचे तर गिरणीपासून चालत जाता येईल अशीच खोली लागे. त्यातच १९२४ पासून गिरण्यांत संपांची मालिका सुरू झाली. १९२८ चा सार्वत्रिक संप कित्येक महिने चालला. पगारच नाही तिथे सिमेंटच्या स्वतंत्र खोलीचे भाडे कोण भरणार? समुद्र हटवण्याच्या कामातला गैरकारभार के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर आणल्यावर सगळे खातेच बदनाम झाले. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या रिकाम्या चाळींचा सरकारने सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग केला.

चाळी हळूहळू भरल्या त्या तिसाव्या दशकाच्या उत्तरार्धात आणि दुसऱ्या महायुद्धात. कोकणातून, घाटावरून आलेली माणसे एकेका खोलीत दाटीने राहू लागली. गावकीच्या खोल्या झाल्या. एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि ट्रंका भिंतीवरच्या फळीवर ठेवत. बोळात नाटकाच्या तालमी, खाली मैदानात कबड्डी आणि गणपती. पोलीस शिपायांची कुटुंबेही मोठ्या संख्येने याच खोल्यांत आली. ज्या घरांना सरकारी हिशेबात बुडीत खाते म्हटले गेले, त्यांनी मुंबईच्या तीन-चार पिढ्या वाढवल्या. सरकारने त्या वेळी ५०,००० खोल्यांचा संकल्प पुरा केला असता तर पुढच्या झोपडपट्ट्यांचा आकार निश्चितच लहान राहिला असता.

दुसऱ्या महायुद्धात घरबांधणी जवळजवळ थांबली आणि वस्ती वाढत गेली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. या कायद्याने लाखो भाडेकरूंना शहरात राहता आले, ही त्याची मोठी कामगिरी आहे. पण भाडे गोठले तरी सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी गोठली नाही. महिन्याला खोलीमागे दहा-पंधरा रुपये मिळणारा मालक दुरुस्तीला हात लावेना आणि नवी भाड्याची चाळ बांधायला कोणी पुढे येईना. खोली हातची जाऊ नये म्हणून भाडेकरू पागडी देऊ-घेऊ लागले. खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने स्वस्त भाड्याची घरे बांधण्याचा काळ इथे संपला. पुढचा भार सरकारवर येणार हे ठरून गेले.

मुंबई राज्याने तो उचलला. १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. राज्याचे तेव्हाचे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा यांचा त्यात पुढाकार होता. १९५२ मध्ये केंद्राची औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आली. राज्याने बांधलेल्या घरांचा निम्मा खर्च केंद्राने अनुदान म्हणून आणि निम्मा कर्ज म्हणून द्यायचा, अशी तिची मांडणी होती. १९५४ मध्ये अल्प उत्पन्न गटासाठी कर्जयोजना सुरू झाली. या पैशातून मंडळाने मुख्यतः उपनगरांतल्या माळरानांवर आणि खाजणांलगत वसाहती उभ्या केल्या. विक्रोळीचे टागोरनगर आणि कन्नमवारनगर, घाटकोपरचे पंतनगर, चेंबूरचे टिळकनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, गोरेगावचे मोतीलालनगर, काळाचौकीचे अभ्युदयनगर ही नावे मुंबईच्या कामगार आणि कारकून वर्गाच्या तोंडी बसली. नागपूरकडे विदर्भ गृहनिर्माण मंडळ हेच काम करीत होते.

या वसाहतींतली घरे लहान होती, पण चाळीतल्या बिऱ्हाडाच्या दृष्टीने त्यांत एक मोठी सोय होती: घरातच मोरी आणि घरातच संडास. पहाटे रांगेत बालदी घेऊन उभे राहणे सुटले. आधी ही घरे भाड्याने दिली गेली. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत मंडळाने ती रहिवाशांना विकत दिली आणि सहकारी सोसायट्या करून जमीन भाडेपट्ट्याने दिली. भाडेवसुली आणि देखभालीची कटकट मंडळाच्या डोक्यावरून उतरली. त्याबरोबर राज्याच्या हाती असलेला भाड्याच्या घरांचा साठाही गेला. ज्याला अनामत भरून घर विकत घेण्याची ऐपत नाही अशा नव्या माणसाला सरकारी खोली भाड्याने मिळण्याची वाट त्यानंतर जवळपास बंद झाली. गृहनिर्माणाच्या इतिहासात या निर्णयाची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

दरम्यान मुंबई शहरातल्या जुन्या खासगी चाळी कोसळू लागल्या. गिरगाव, भुलेश्वर, डोंगरी, माझगाव, लालबाग इथल्या इमारतींत लाकडी तुळया आणि पाटण, वर चुन्याची लादी, अशी बांधणी होती. पावसाळ्यात पाणी मुरून तुळयांची टोके भिंतीत कुजत आणि एखाद्या रात्री मजलाच्या मजला खाली येई. मालकाकडे पैसा नाही किंवा इच्छा नाही, भाडेकरूकडे हक्क नाही आणि पालिकेकडे फक्त नोटीस बजावण्याचा अधिकार. बेडेकर समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला आणि १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. बांधलेली स्वस्त घरे टिकवण्यासाठी, आणि तीही खासगी मालकीची, सरकारने स्वतः पैसा घालायचा हे तत्त्व या कायद्याने मान्य केले.

त्याची रीत अशी. कुलाब्यापासून माहीम आणि सायनपर्यंतच्या भाड्याच्या जुन्या इमारतींवर मालमत्ता करासोबत दुरुस्ती उपकर बसला. उपकर पालिकेने गोळा करून मंडळाला द्यायचा, त्यात राज्य सरकारने आणि पालिकेने आपापली भर घालायची आणि मंडळाने इमारतीची संरचनात्मक दुरुस्ती करायची. रंगरंगोटी किंवा लादी बदलणे यात बसत नव्हते. तुळया, खांब, जिने, संडासांचे मोरीखाने, गच्ची एवढेच यात धरले गेले. अशा १९,६४२ इमारती यादीत आल्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ गटात १६,५०२, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ गटात १,४८९ आणि १९५१ ते सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ गटात १,६५१. लोक त्यांना उपकरप्राप्त इमारती किंवा नुसते ‘सेस’ म्हणतात. मालकांनी कायद्याला आव्हान दिले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये तो वैध ठरवला.

दुरुस्ती मंडळाचे काम ज्यांनी पाहिले त्यांना टेकू ही वस्तू सांगावी लागत नाही. लाकडी वासे किंवा लोखंडी नळ तुळईखाली उभे करून पाचर मारून घट्ट बसवलेले. टेकू म्हणजे दुरुस्ती सुरू होण्याआधीचा तात्पुरता आधार. पण काम मंजूर व्हायला, निविदा निघायला आणि ठेकेदार यायला वर्षे लागत. तोवर बिऱ्हाडे टेकूंच्या मधून ये-जा करीत, टेकूला दोरी बांधून कपडे वाळत घालीत आणि मुले त्याभोवती खेळत मोठी होत. टेकू लागला की इमारत मंडळाच्या हिशेबात ‘काम चालू’ या रकान्यात जाई.

उणीव पैशात होती. दुरुस्तीवर प्रति चौरस मीटर किती खर्च करता येईल याची कमाल मर्यादा कायद्यातच घालून दिलेली होती. ती वेळोवेळी वाढवली गेली, पण बांधकामाच्या दरांच्या नेहमीच मागे राहिली. उपकर पालिकेच्या करयोग्य मूल्यावर, करयोग्य मूल्य गोठलेल्या भाड्यावर, म्हणजे १९४० च्या भाड्याची सावली दुरुस्तीच्या निधीवरही पडली. मर्यादेत बसेल एवढे काम करायचे, म्हणजे चार तुळया बदलायच्या आणि दोन तशाच ठेवायच्या. दहा वर्षांनी त्या दोन कोसळायच्या बेतात आल्या की पुन्हा प्रस्ताव. खर्च मर्यादेबाहेर जात असेल तर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरवून ती संपादित करायची आणि मंडळाने तिथे नवी बांधायची, अशी तरतूद होती. त्यासाठी रहिवाशांना संक्रमण शिबिरात जावे लागे. सायनच्या प्रतीक्षानगरात अशी शिबिरे आहेत. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून गेलेली कुटुंबे तिथे वीस-तीस वर्षे राहिली, मुलांची लग्ने तिथूनच झाली. ज्यांची मूळ इमारत पुन्हा बांधणे शक्यच नव्हते त्यांची नावे बृहतसूचीत, म्हणजे घराची वाट पाहणाऱ्यांच्या यादीत गेली आणि तिथे वर्षानुवर्षे तशीच राहिली.

दुरुस्ती मंडळ, मुंबई आणि विदर्भ अशी दोन गृहनिर्माण मंडळे आणि झोपडपट्टी सुधार मंडळ ही चार निरनिराळी खाती एका छत्राखाली आणण्यासाठी ‘म्हाडा’ म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण ५ डिसेंबर १९७७ रोजी कामाला लागले. वांद्र्याच्या कलानगरजवळचे गृहनिर्माण भवन हे तिचे मुख्यालय. बांधणे आणि राखणे ही दोन्ही कामे आता एका संस्थेकडे होती. झोपड्यांच्या बाबतीतही १९७१ च्या कायद्यापासून धोरण बदलत होते. पाडण्याऐवजी जागच्या जागी नळ, संडास, गटारे, दिवे द्यायचे, हे स्वस्त पडे आणि माणूस कामाच्या जागेपासून तुटत नसे. १९८५ पासून जागतिक बँकेच्या कर्जाने चारकोप, गोराई अशा ठिकाणी आखलेले भूखंड आणि नागरी सुविधा देण्याची योजना झाली. सरकारने जोते, पाणी आणि रस्ता द्यायचा आणि पुढचे घर कुटुंबाने आपल्या कुवतीप्रमाणे बांधत जायचे. चारकोपला पस्तीसेक कुटुंबांच्या सोसायट्या मधल्या अंगणाभोवती बसवल्या गेल्या. कमी सरकारी पैशात सर्वांत टिकाऊ वस्ती कुठे झाली असे विचारले, तर चारकोपचे नाव घ्यावे लागेल. ही योजना पुढे चालवली गेली नाही, हे महाराष्ट्राचे नुकसान.

डिसेंबर १९८५ मध्ये काँग्रेसच्या शताब्दी अधिवेशनासाठी मुंबईत आलेले पंतप्रधान राजीव गांधी यांनी शहरासाठी १०० कोटी रुपये जाहीर केले. धारावीची सुधारणा आणि जुन्या इमारतींची पुनर्बांधणी यांवर तो पैसा खर्च झाला. म्हाडाने अशा रीतीने आणि स्वतःच्या निधीतून जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या जागी ३८८ इमारती बांधल्या, पैकी ६६ पंतप्रधान अनुदानातून. याच काळात, १९८६ मध्ये, म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. सत्तर टक्के भाडेकरू एकत्र आले तर त्यांच्या सहकारी संस्थेसाठी सरकार जुनी इमारत संपादित करील आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देईल, अशी ती तरतूद होती. मालकांनी ती न्यायालयात नेली. हा वाद तीन दशके चालला आणि नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठापर्यंत गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. गिरगाव-भुलेश्वरच्या चाळींपासून निघालेला प्रश्न देशाच्या राज्यघटनेच्या अर्थापर्यंत पोहोचला.

नव्वदच्या दशकात सरकारी खर्चाचे स्वरूप मुळातून बदलले. सरकारने रोख पैसा देणे आवरते घेतले आणि त्याऐवजी चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची मुभा द्यायला सुरुवात केली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतले कलम ३३(७) उपकरप्राप्त इमारतींसाठी होते. जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत फुकट घर द्या आणि वरचे मजले बाजारभावाने विका, असा हा सौदा. १९९९ मध्ये चटईक्षेत्र आणखी वाढवल्यावर बिल्डर चाळीच्या दारात उभे राहू लागले. झोपड्यांसाठी १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे ते वचन होते आणि घर २२५ चौरस फुटांचे. तीस वर्षांत पूर्ण झालेली घरे तीन लाखांच्या आतच आहेत.

या पद्धतीत अर्थसंकल्पात खर्चाचा रकाना दिसत नाही, म्हणून ती फुकट भासते. प्रत्यक्षात शहराची हवा, रस्ते, पाणी आणि गटारे यांवरचा भार हीच तिची किंमत. दुसरे असे की जिथे वरचे मजले महाग विकले जातात तिथेच बिल्डर येतो. मलबार हिलच्या पायथ्याशी असलेल्या चाळीला दहा प्रस्ताव येतात आणि डोंगरीच्या अरुंद गल्लीतल्या चाळीला एकही येत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. १९६९ च्या यादीतल्या तेरा हजारांच्या आसपास इमारती अजून उभ्या आहेत. दर पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते आणि रहिवासी जागा सोडत नाहीत, कारण जागा सोडली की हक्क जाईल ही भीती त्यांना आधीच्या अनुभवाने शिकवलेली आहे. कायद्यात नव्याने घातलेल्या कलम ७९-अ प्रमाणे आधी मालकाला आणि मग भाडेकरूंना पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा-सहा महिन्यांची मुदत आहे. दोघांकडूनही प्रस्ताव आला नाही तर म्हाडाने इमारत ताब्यात घ्यायची आहे.

गिरण्यांच्या जमिनींचा इतिहास याच धाग्यात येतो. १९९१ च्या नियमाप्रमाणे विकासाला निघालेल्या गिरणीची एक तृतीयांश जमीन म्हाडाला स्वस्त घरांसाठी मिळायची होती. २००१ मध्ये हा नियम बदलून वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची ठरवली आणि गिरणीच्या शेडखालची सगळी जमीन मालकाकडे राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. घरांसाठी मिळणारी जमीन त्यामुळे फार थोडी उरली. जून २०१२ मध्ये गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी ६,९२५ घरांची सोडत निघाली. घर २२५ चौरस फुटांचे आणि किंमत सुमारे साडेसात लाख रुपये. अर्ज करणाऱ्यांची संख्या दीड लाखाच्या जवळ होती. कापसाच्या गाठीवर कर लावून घरे बांधण्याचा विचार ज्या शहरात निघाला, तिथे कापसावर उभ्या राहिलेल्या जमिनीतून कामगाराला एवढेच मिळाले, ही मोठी खंत आहे.

मुंबईबाहेरचे एक उदाहरण वेगळे ठरले. सोलापुरात हजारो बायका विडी वळून संसार चालवतात आणि बहुतेक भाड्याच्या खोलीत राहत. कामगार नेते नरसय्या आडम यांनी त्यांची सहकारी संस्था उभी केली. शहरालगत कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत झाली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. घराचा खर्च ६०,००० रुपये धरला होता: २०,००० केंद्राचे, २०,००० राज्याचे आणि २०,००० विडी कामगार बाईचे. पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर घर झालेल्या बायकांची ही वस्ती आहे. पुढे त्याच परिसरात पंतप्रधान आवास योजनेतून रे नगरची ३०,००० घरांची योजना झाली. तिथे केंद्राचा हिस्सा घरामागे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतली १५,००० घरे देण्यात आली. सरकारचा रोख पैसा, स्वस्त जमीन आणि संघटित कामगार हे तिन्ही एकत्र आले की काय होते, ते सोलापुरात जाऊन पाहावे.

बीडीडी चाळींचे दिवसही अखेर पालटले. काँक्रीटचे पापुद्रे सुटून गंजलेल्या सळया उघड्या पडलेल्या, बोळात दिवसाही अंधार, अशा स्थितीतल्या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये वरळीच्या जांबोरी मैदानावर झाले. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तीन वसाहतींचे काम राज्याने खासगी बिल्डरकडे न देता म्हाडाकडे सोपवले. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, तेही रहिवाशाकडून पैसे न घेता, अशी योजना आहे आणि खर्च उरलेल्या घरांच्या विक्रीतून निघायचा आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात राज्याने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आणि त्यासाठी २०,००० कोटींचा महाआवास निधी त्यात आहे. धोरणाच्या चर्चेत नव्या घरांचे आकडे पुढे असतात. चाळीस मजल्यांच्या इमारतीची लिफ्ट, पाण्याचे पंप आणि आग विझवण्याची यंत्रणा पंधरा-वीस वर्षांनी कोणाच्या पैशाने चालणार, याची तरतूद आत्ताच पक्की करायला हवी. १९६९ च्या उपकराने केलेली चूक पुन्हा होऊ देऊ नये.

शिवडीच्या बारा चाळी या योजनेत नाहीत. त्यांखालची जमीन मुंबई बंदराची, म्हणजे केंद्राच्या ताब्यातली आहे.